‘मंजूर’ म्हणजे नेमके काय मंजूर?

प्रश्न, थोडक्यात: एका मोठ्या महानगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या, बँकेतून निवृत्त झालेल्या ६१ वर्षांच्या एका वाचकांचे पत्र आले आहे. नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आल्यावर कोणाला काय विचारावे हे गल्लीत कुणालाच कळेना, म्हणून २०२२च्या पावसाळ्यात त्यांनी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप सुरू केला. पाणी कधी बंद राहणार, मिळकतकराची सवलत कधीपर्यंत आहे, ड्रेनेजसाठी रस्ता कुठे खोदला आहे, अशी माहिती त्या रोज टाकतात. आज तीन ग्रुप मिळून सातशेहून अधिक घरे त्यात आहेत. दोन महिन्यांपूर्वी महापालिकेच्या कार्यपत्रिकेच्या, म्हणजे सभेपुढच्या विषयांच्या यादीच्या, एका पानाचा फोटो आणि ‘आपल्या गल्लीचा रस्ता ६ मीटरचा ९ मीटर, प्रस्ताव मंजूर’ असा मजकूर त्यांच्याकडे आला आणि त्यांनी तो पुढे पाठवला. चारच दिवसांत कोपऱ्यावरच्या घराचे मालक, ज्यांना त्या काका म्हणतात, घाबरून कमी भावात घर विकायला तयार झाले आणि त्यांनी विसारही घेतला. नंतर कळले की विषय फक्त सभेपुढे आला होता आणि ती सभा तहकूब झाली होती. काकांच्या मुलाने व्यवहार मोडला, विसार परत केला, पण काकांनी बोलणे टाकले. त्यातच नव्याने निवडून आलेल्या एका नगरसेवकाच्या कार्यालयातून ‘ग्रुप आमच्याकडे द्या, आम्ही अधिकृत माहिती टाकत जाऊ’ असा निरोप आला आहे. ‘उद्या कुणी केस केली तर काय करशील, बंद कर,’ असे मुलगी म्हणते. पत्रलेखिका विचारतात: बंद करू, त्यांच्या हाती देऊ, की चालू ठेवू? मी पत्रकार नाही. मला हे करण्याचा अधिकार तरी आहे का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र चार पानी आहे. त्यातली साडेतीन पाने काकांबद्दल आहेत आणि ग्रुपचे काय करायचे हा प्रश्न शेवटच्या अर्ध्या पानावर येतो. मी मात्र सुरुवात तुम्ही पत्रासोबत जोडलेल्या कार्यपत्रिकेच्या त्या पानापासून करणार आहे, कारण ‘माझी चूक घाईची होती’ असे तुम्ही तीन ठिकाणी लिहिले आहे आणि ते मला पटलेले नाही. आणखी दोन दिवस थांबला असता तरी तुम्ही तो मजकूर तसाच टाकला असता आणि काका तसेच घाबरले असते.

ते पान चष्मा लावून पुन्हा एकदा वाचा. वर विषय क्रमांक आहे, त्याखाली आयुक्तांच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख आहे, आणि मग श्वास घ्यायला कुठेही जागा न ठेवणाऱ्या त्या लांबलचक सरकारी वाक्याच्या शेवटी लिहिले आहे: ‘…रस्तारेषा निश्चित करणेस मान्यता मिळणेबाबत.’ सगळी बातमी त्या ‘मिळणेबाबत’मध्ये आहे. मान्यता मागितलेली आहे, दिलेली नाही. तुम्ही बँकेत आयुष्य काढले. कर्जाचा अर्ज आणि कर्जमंजुरीचे पत्र यांत तुमची गल्लत कधीच झाली नसती. इथे ती झाली, कारण फोटोवर कुणीतरी आधीच ‘मंजूर’ लिहून ठेवले होते आणि आपले डोळे कागदाआधी त्या शब्दावर गेले.

मी स्वतः काही वर्षे महापालिकेच्या बातम्या दिल्या आहेत, त्यामुळे ‘मंजूर’ हा शब्द किती सोयीचा असतो हे मला ठाऊक आहे. तीन अक्षरांचा आहे, मथळ्यात मावतो आणि खोटाही ठरत नाही. प्रभाग समितीने शिफारस केली तरी मंजूर, स्थायी समितीने होकार दिला तरी मंजूर, मुख्य सभेने ठराव केला तरी मंजूर, आणि राज्य शासनाने अधिसूचना काढली तरीही मंजूरच. वाचणाऱ्याच्या दृष्टीने या चार ‘मंजूर’मध्ये जमीन-अस्मानाचे अंतर असते, कारण पहिल्यात त्याला बोलायला भरपूर वाव असतो आणि शेवटच्यात बहुधा न्यायालयाचीच पायरी उरलेली असते. उलट बाजूने पाहिले तर ‘दप्तरी दाखल’ या शब्दांनी एखादा विषय कायमचा मिटवलेला असतो, आणि ‘फेरसादर’ म्हणजे तो पुन्हा येणार असतो. पण हे दोन शब्द मथळ्यात आलेले मी क्वचितच पाहिले आहेत.

तुमच्या सवयीमागे आणखी एक कारण आहे आणि त्यात तुमचा काही दोष नाही. तुम्ही ग्रुप सुरू केलात तो प्रशासकाच्या काळात. राज्यातल्या बहुतेक मोठ्या महापालिकांची मुदत २०२० ते २०२२ या काळात संपली, निवडणुका लांबत गेल्या, आणि मुख्य सभा व स्थायी समिती या दोन्हींचे अधिकार एकाच अधिकाऱ्याच्या सहीत येऊन बसले. त्या काळात प्रस्ताव आला आणि निर्णय झाला यांतले अंतर कधी कधी एका दिवसाचे असे. सुमारे साडेतीन वर्षे तुम्ही अशाच बातम्या दिल्यात आणि ‘विषय आला म्हणजे झाला’ हे तुमच्या हाताला बसले. १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांचे मतदान झाले, सभागृहे पुन्हा भरली, आणि त्याबरोबर चर्चा, उपसूचना, तहकुबी, फेरसादर हे सगळे टप्पेही परत आले. नागरिकाच्या दृष्टीने ही चांगलीच गोष्ट आहे, कारण प्रत्येक टप्प्यावर काहीतरी करता येते. बातमी देणाऱ्याला मात्र आता आपण कोणत्या टप्प्यावर उभे आहोत हे दर वेळी सांगावे लागणार आहे.

रस्तारेषेचेच पाहू, कारण तुमच्यासारख्या जुन्या गल्ल्यांतून हा विषय वरचेवर येतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९च्या कलम २१० मध्ये रस्त्याची रेषा, म्हणजे रस्त्याची दोन्ही बाजूंची हद्द, ठरवण्याचा अधिकार आहे. पुण्यात २०२० साली स्थायी समितीने ६ मीटर रुंदीचे ३२३ रस्ते ९ मीटर करण्याच्या प्रस्तावाला मान्यता दिली तेव्हा हे कलम घराघरांत पोहोचले. असलेली रेषा बदलून नवी आखायची असेल तर जाहीर नोटीस काढून हरकती मागवणे आणि त्यांचा विचार करणे हे त्या कलमातच सांगितलेले आहे. रेषा ठरली म्हणून दुसऱ्या दिवशी जेसीबी दारात येत नाही. बहुतेक ठिकाणी घर पाडून नवे बांधायची वेळ आली की त्या रेषेपर्यंत मागे सरकावे लागते, ज्याला आपण सेटबॅक म्हणतो, आणि गेलेल्या जागेचा मोबदला द्यावा लागतो. यातले एकही वाक्य त्या फोटोसोबत नव्हते. काकांनी ‘९ मीटर’ आणि ‘मंजूर’ एवढेच वाचले आणि आपली ओसरी गेली असे धरून चालले.

आता एक गोष्ट जरा आडवळणाने सांगतो, कारण तुमच्या पत्रात ती एका ओळीत येऊन गेली आहे आणि तुमचे तिकडे लक्ष गेलेले दिसत नाही. मजकूर टाकल्यापासून चार दिवसांच्या आत विसार घेऊन कुणीतरी काकांच्या दारात हजर होते. मुंबई आणि आणखी काही भाग सोडून राज्यभर २०२०च्या अखेरीस जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, तिच्यानुसार ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या भूखंडाला सर्वसाधारणपणे टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचे बांधकामाचे हक्क घेऊन इथे जादा बांधकाम करण्याची सोय, वापरता येत नाही. म्हणजे तोच रस्ता ९ मीटरचा झाला तर कोपऱ्यावरच्या जुन्या घराची पुनर्विकासातली किंमत कमी होण्याऐवजी वाढण्याची शक्यता असते. त्या व्यक्तीला हे माहीत होतेच असे मी म्हणत नाही. मला ते ठाऊक नाही आणि तुम्हीही गल्लीत तसे बोलू नका. पण एकाच बातमीचा अर्धा भाग काकांपाशी आणि अर्धा दुसऱ्या कुणापाशी असला की काय होते, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. ग्रुप बंद केल्याने हा फरक मिटत नाही. कार्यपत्रिका वाचणारे दलाल आणि कंत्राटदार ती पूर्वीही वाचत होते आणि पुढेही वाचणार आहेत.

म्हणून मुलीच्या सल्ल्याबद्दल. तिची काळजी खरी आहे आणि ती तुमच्या प्रेमापोटी आहे, पण ग्रुप बंद झाला तर त्या सातशे घरांना पुढची बातमी कोण देईल हा प्रश्न तिला विचारा. ज्याने फोटोवर ‘मंजूर’ लिहून तुम्हाला पाठवले तोच त्यांनाही पाठवेल, फक्त मध्ये तुम्ही नसाल. कायद्याच्या भीतीबद्दल सांगायचे तर, ग्रुपमधल्या सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, त्यासाठी दोघांचा समान हेतू दिसावा लागतो, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटले आहे. मात्र जे तुम्ही स्वतः लिहिता किंवा पुढे पाठवता त्याची जबाबदारी तुमचीच असते, आणि विशेषतः एखाद्या माणसाचे नाव घेऊन ‘याने पैसे खाल्ले’ छापाचा मजकूर पुढे पाठवणे अंगाशी येऊ शकते. पाणी, कर, रस्ते, हरकतींच्या तारखा यांत राहिलात तर मुलीला रात्री झोप लागायला हरकत नाही. तुम्ही थकला असाल तर गोष्ट वेगळी. तसे असेल तर महिनाभर आधी ग्रुपवर सांगून, कुणी पुढे येते का ते पाहून, मगच थांबा. काकांना तोंड दाखवणे जड जाते म्हणून बंद करणार असाल, तर तो प्रश्न ग्रुप बंद करून सुटणारा नाही.

नगरसेवकाच्या कार्यालयाचा निरोप मला सरसकट वाईट वाटत नाही. नवा माणूस आहे, कामाला उत्साह आहे, आणि प्रभागातल्या लोकांपर्यंत पोहोचायचे आहे. यात गैर काही नाही. पण त्यांच्या निरोपातला ‘अधिकृत’ हा शब्द तपासून घ्या. नगरसेवक हा सभागृहाचा सदस्य असतो. महापालिकेची अधिकृत माहिती आयुक्तांच्या खात्यांकडून, नगरसचिवांच्या कार्यालयातून आणि जाहीर नोटिशींतून येते. त्यांच्या कार्यालयाने पाठवलेला मजकूर तुमच्या मजकुराइतकाच तपासावा लागेल. शिवाय मुंबई सोडली तर बाकीच्या महापालिकांत प्रभाग बहुसदस्यीय आहेत, बहुतेक ठिकाणी चार नगरसेवकांचे. एकाच्या हाती किल्ल्या दिल्या की उरलेल्या तिघांचे काम तुमच्या ग्रुपवर दिसेनासे होईल, आणि ते वेगळ्या पक्षाचे असले तर निम्मी गल्ली ग्रुप सोडून जाईल. याहून मोठी अडचण त्या सातशे फोन नंबरांची आहे. पाणी कधी येणार हे कळावे म्हणून लोकांनी तुम्हाला नंबर दिले. प्रचाराच्या यादीत जावेत म्हणून दिले नाहीत. त्यांना न विचारता ते दुसऱ्याच्या हवाली करण्याचा अधिकार तुम्हाला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तेव्हा त्यांना गोड शब्दांत उत्तर द्या. चारही नगरसेवकांच्या कार्यालयांना एकच पत्र लिहा: आमच्या ग्रुपवर ॲडमिनखेरीज कुणी लिहीत नाही, तुमच्याकडची प्रभागातल्या कामांची माहिती, कामाचे नाव, ठिकाण, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख अशी आम्हाला पाठवा, आम्ही ती तुमच्या नावानिशी टाकू, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि उद्घाटनाचे फोटो मात्र टाकणार नाही. जो खरोखर काम करणारा असेल तो याला हो म्हणेल. निदान मला तरी तशी आशा आहे.

‘मला अधिकार तरी आहे का’ हा तुमचा प्रश्न वाचून मला थोडे वाईट वाटले. खेड्यातल्या माणसाला ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी तो पारावर उभा राहून सरपंचाला हिशेब विचारू शकतो. शहरातल्या माणसासाठी तसे काही असावे म्हणून २००९ साली कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभेची तरतूद झाली, पण आपल्या क्षेत्रसभेला गेलेला माणूस मला तरी अजून भेटायचा आहे. १९९२ची ७४वी घटनादुरुस्ती, तीन लाख वा त्याहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या, हे सगळे कागदावर आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५चे कलम ४ तर सांगते की लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांची माहिती सार्वजनिक संस्थेने कुणी मागण्याची वाट न पाहता आपणहून प्रसिद्ध केली पाहिजे. मुख्य सभाही, सभागृहाने वेगळे ठरवले नाही तर, नागरिकांना खुली असते. वर प्रेक्षकांसाठी जागा असते आणि ती बहुधा रिकामीच असते. तुम्ही जे करता ते पत्रकारिता आहे की नाही या वादात मी पडत नाही. जे कागद सगळ्यांसाठी खुले आहेत ते वाचून शेजाऱ्याला सांगायला कुणाचा परवाना लागत नाही.

मग चालू ठेवायचे तर कसे? मजकूर लिहिण्याची पद्धत तेवढी बदला, बाकी फारसे बदलायची गरज नाही. प्रत्येक मजकुरात तीन गोष्टी असल्याशिवाय तो टाकायचा नाही असे ठरवा: विषय कोणत्या टप्प्यावर आहे, आपल्याला काही करायचे आहे का आणि कधीपर्यंत, आणि हे मी कुठे वाचले. रस्त्याची तीच बातमी या पद्धतीने अशी झाली असती: ‘आपल्या गल्लीची रस्तारेषा ९ मीटर करावी असा आयुक्तांचा प्रस्ताव अमुक तारखेच्या मुख्य सभेपुढे, विषय क्रमांक अमुक, मान्यतेसाठी ठेवला आहे. अद्याप निर्णय झालेला नाही. सभेत काय झाले ते मी सभेनंतर कळवीन. हरकतींची नोटीस निघाली तर तारीख टाकीन. कार्यपत्रिकेचे पूर्ण पान सोबत जोडले आहे.’ हा मजकूर वाचून कुणी घर विकायला निघाले असते असे मला वाटत नाही.

तारखेचे महत्त्व तुम्हाला पाण्याच्या बातम्यांवरून कळलेच असेल. पुण्यात देखभालीच्या कामासाठी पाणी बहुधा गुरुवारी बंद ठेवतात, आणि ‘येत्या गुरुवारी संपूर्ण शहराचा पाणीपुरवठा बंद’ हा मजकूर एकदा तारखेविना सुटला की तो महिनोन्‌महिने फिरत राहतो. कुठल्या तरी गुरुवारी सगळी सोसायटी बादल्या भरून बसते आणि नळाला पाणी असतेच. ‘येत्या’, ‘उद्या’, ‘लवकरच’ हे शब्द तुमच्या ग्रुपवर कायमचे बंद करा आणि तिथे वार व तारीख लिहा. दुसरे उदाहरण मिळकतकराचे. पुण्यात स्वतः राहण्यासाठी घर वापरणाऱ्यांची ४० टक्के सवलत २०२३ साली कायम झाली तेव्हा ‘सवलत कायम’ एवढे वाचून पुष्कळजण निर्धास्त झाले. पण ज्यांची सवलत मधल्या काळात काढली गेली होती किंवा ज्यांना ती मिळालीच नव्हती त्यांना पीटी-३ हा अर्ज पुराव्यासह भरून द्यायचा होता. बातमी खरी होती, फक्त ‘आपल्याला काय करायचे आहे’ हा भाग तिच्यातून गळला होता.

बातमी खरी की खोटी हे ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही. महापालिकेच्या परिपत्रकावर जावक क्रमांक, तारीख, खात्याचे नाव आणि सही करणाऱ्याचे पद असते. राज्य शासनाच्या निर्णयावर खाली संगणक सांकेतांक छापलेला असतो आणि तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ निर्णय काढता येतो. ज्या कागदाचा वरचा किंवा खालचा भाग कापलेला आहे तो पुढे पाठवायचा नाही, मग तो पाठवणारा कितीही ओळखीचा असो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या बारीक टायपातल्या जाहीर नोटिशी, क्षेत्रीय कार्यालयाचा सूचनाफलक, झाडावर चिकटवलेली वृक्षतोडीची नोटीस, हे तुमचे खरे बातमीदार आहेत. झाडांच्या नोटिशीला तर हरकतीसाठी मोजकेच दिवस असतात आणि पावसाने ती नोटीस गळूनही पडते, त्यामुळे सकाळी फिरायला जाणाऱ्या दोघा-तिघांना तिकडे नजर ठेवायला सांगा. आराखड्यातला किरकोळ बदल नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम ३७ खाली होत असेल तर हरकतींसाठी महिनाभर असतो. बातमी चार दिवस उशिरा मिळाली तरी चालते. हरकतीची तारीख टळल्यावर मिळाली तर तिचा काही उपयोग नाही.

कागद बघायला जायचे तर सोमवार धरा. २०१८च्या नोव्हेंबरात राज्य शासनाने काढलेल्या निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत जिल्हा पातळीवरील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत नागरिकांना अभिलेख पाहता यावेत अशी व्यवस्था करायला सांगितले होते; तुमच्याकडे ती चालू आहे का ते आधी विचारून घ्या. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असे उत्तर मिळाले तर वाद न घालता आपण आल्याची लेखी नोंद करून या. तरीही कागद मिळाला नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात ‘रस्त्याबद्दल सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नका, असा अर्ज हमखास टोलवला जातो. सभेची तारीख आणि विषय क्रमांक देऊन त्या ठरावाची प्रत मागा. आणि हे सारे एकट्या करू नका. ग्रुपमध्ये सातशे घरे आहेत. त्यांत एखादा वकील, एखादा आर्किटेक्ट, महापालिकेतूनच निवृत्त झालेला एखादा कारकून नक्की असेल. तो कारकून आधी शोधा. नगरसचिवांच्या कार्यालयात कोणत्या टेबलावर काय मिळते हे त्याला तोंडपाठ असते.

एक जागा अशी आहे जिथे तुमचे खरोखर चुकले, आणि ती तुम्हीच पत्रात प्रामाणिकपणे लिहिली आहे: सभा तहकूब झाल्याचे कळल्यावर तुम्ही ग्रुपवर काहीच लिहिले नाही, दुसरे मजकूर टाकत गेलात आणि तो जुना मजकूर वर सरकू दिलात. दोन महिने उलटले तरी दुरुस्ती आजच टाका. ‘काही गैरसमज झाल्यास क्षमस्व’ असे गोलमोल नको. ‘अमुक तारखेला मी रस्ता मंजूर झाल्याचे टाकले होते, ते चुकीचे होते, विषय फक्त सभेपुढे आला होता आणि आजच्या तारखेपर्यंत निर्णय झालेला नाही, या बातमीवर विसंबून कुणी जागेचा व्यवहार करणार असेल तर आधी महापालिकेकडून रस्तारेषेबाबत लेखी माहिती घ्यावी, चूक माझी आहे’ एवढे पुरे. तिन्ही ग्रुपांवर एकाच वेळी टाका, आणि त्यात काकांचा किंवा त्यांच्या व्यवहाराचा उल्लेख अजिबात करू नका. ‘आजच्या तारखेपर्यंत’ असे लिहिण्याआधी नगरसचिवांच्या कार्यालयात विचारून घ्या, नाहीतर दुरुस्तीचीच दुरुस्ती करायची वेळ येईल.

नगरपरिषदेच्या गावांतून अशाच अडचणीची आणखी दोन पत्रे माझ्या टेबलावर आहेत. त्यांनाही हेच लागू पडते, फक्त आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी आणि कायदा १९६५चा. लहान गावात सूचनाफलक वाचायला जाणे सोपे असते आणि वाईटपणा घेणे अवघड, एवढाच काय तो फरक.

आता काका. त्यांच्याकडे क्षमा मागायला रिकाम्या हाताने जाऊ नका, कारण तुम्ही माफी मागणार, ते मान हलवणार आणि विषय तिथेच अडकून राहणार. कार्यपत्रिकेचे ते पूर्ण पान आणि मिळाला तर तहकुबीचा कागद अशा दोन प्रती घेऊन जा. शक्य असेल तर त्यांचा मुलगा घरी असेल अशी वेळ धरा, म्हणजे पुढे व्यवहार करायचाच झाला तर आधी एखाद्या आर्किटेक्टला जागा दाखवून तिची खरी किंमत काढून घ्या असेही त्याला सांगता येईल. रागाचे उत्तर देऊ नका; त्यांनी चार दिवस काय भोगले असेल ते तुम्ही-आम्ही ऐकून घ्यायलाच हवे. दार उघडले नाही तर प्रती पाकिटात घालून मुलाच्या हाती द्या, आणि देण्यापूर्वी ‘मिळणेबाबत’ या शब्दाखाली पेन्सिलीने एक रेघ मारून ठेवा.